बर्फाचा नांगर आणि त्याचे माप

नांगर हा शब्द कानी पडला, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काळी जमीन उलथीत जाणारा फाळ उभा राहतो. थंड देशांत बर्फ बाजूला सारणाऱ्या अवजारालाही इंग्रजीने नांगर हेच नाव दिले आहे. या नांगराला मात्र फाळ नसतो. त्याचे नाते आपल्या केणीशी अधिक जवळचे आहे. केणी बैलांच्या मागून माती ओढते. बर्फाचा नांगर ट्रॅक्टरच्या पुढे राहून बर्फ ढकलतो. लोखंडी पत्र्याचे किंचित वळवलेले एक उभे पाते, हेच त्याचे सारे स्वरूप. अवजार इतके साधे असूनही ते विकत घेताना एक प्रश्न हमखास उभा राहतो : पाते किती रुंद घ्यावे?

हा प्रश्न अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात घरोघरी पडतो. सार्वजनिक रस्त्यावरील बर्फ नगरपालिका किंवा परगणा काढतो. परंतु रस्त्यापासून घरापर्यंत किंवा गोठ्यापर्यंत जाणारी वाट मोकळी ठेवणे हे ज्याचे त्याने पाहावयाचे असते. ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या बफेलो शहरी एका हिवाळ्यात सरासरी सुमारे ९५ इंच बर्फ पडते. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच्या दक्षिणेस ऑर्चर्ड पार्क येथे एकाच वादळात सहा फुटांहून अधिक बर्फ साचले. अशा मुलखात वाट बुजली, म्हणजे दुधाचा टँकर गोठ्यापर्यंत येत नाही आणि दूध ओतून द्यावे लागते. घरी कोणी आजारी पडले, तर रुग्णवाहिकाही रस्त्यावरच अडते. म्हणून पात्याच्या मापाचा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

या कामासाठी तेथे बहुधा लहान ट्रॅक्टर वापरतात. नाशिककडील द्राक्षबागांच्या ओळींमधून फिरतात, त्याच जातीची ही यंत्रे. त्यांची शक्ती साधारणतः २० ते ५० अश्वशक्ती असते. काही याहूनही लहान असतात. मुंबईच्या महिंद्र उद्योगसमूहाने १९९४ साली अमेरिकेत आपली शाखा काढली. तेव्हापासून तेथील बर्फ सारणाऱ्या ट्रॅक्टरांत भारतीय नावाचे ट्रॅक्टरही दिसतात.

पात्याची किमान रुंदी ठरविणे सोपे आहे. ट्रॅक्टरची चाके साफ केलेल्या पट्ट्यातूनच गेली पाहिजेत. न काढलेले बर्फ चाकांखाली दडपले गेले, की त्याचा कठीण थर होतो आणि पुढे तो पात्याला दाद देत नाही. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बर्फ एका बाजूस लोटण्याकरिता पाते तिरपे करतात, आणि तिरप्या पात्याची उपयोगी रुंदी कमी होते. पाच फुटी पाते ३० अंशांनी वळविले, तर ते प्रत्यक्षात सुमारे ४ फूट ४ इंचच पट्टा साफ करते. सहा फुटी पात्याचा पट्टा ५ फूट २ इंचांचा होतो. चाकांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर चार फूट असेल, तर साडेचार फुटी पाते सरळ असताना पुरेसे दिसते, पण तिरपे करताच अपुरे पडते. तेथे पाच फुटी पातेच हवे. पाच फूट रुंदीच्या ट्रॅक्टरला त्याच न्यायाने सहा फुटी पाते लागते.

मग त्याहूनही रुंद का घेऊ नये? पाते जितके रुंद तितक्या फेऱ्या कमी, असे कोणालाही वाटेल. येथे बर्फाचे वजन आडवे येते. कडक थंडीत पडलेले ताजे, कोरडे बर्फ अगदी हलके असते. एका घनमीटरला ५० ते १०० किलो भरते. तेच बर्फ बसले, ओले झाले, म्हणजे ३०० किलो किंवा त्याहूनही अधिक भरते. वाटेवर सहा इंच थर आहे आणि पाच फुटी पाते सरळ धरून दहा मीटर अंतर ढकलले, असे समजू. पात्यापुढे सव्वादोन घनमीटर बर्फ गोळा होईल. ते कोरडे असले तर सव्वादोनशे किलो. ओले असले तर पावणेसातशे किलो! सहा फुटी पात्यापुढे हाच ओला भार आठशे किलोंच्या वर जातो.

आता ट्रॅक्टरची बाजू पाहू. अगदी लहान ट्रॅक्टरचे वजन सातशे किलोंच्या आसपास असते. दडपलेल्या बर्फावर चाकांना मिळणारी पकड वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश धरली आणि चारही चाके ओढणारी असली, तरी त्याचा धक्का पावणेदोनशे किलोंपलीकडे जात नाही. इतका धक्का ताशी पाच किलोमीटर वेगाने देण्यास साडेतीन अश्वशक्तीही लागत नाही. म्हणजे वीस अश्वशक्तीच्या इंजिनाची बहुतेक शक्ती शिल्लकच राहते आणि चाके मात्र जागच्या जागी फिरू लागतात. इंजिनाच्या अश्वशक्तीवरून पात्याचे माप ठरविणारा फसतो तो येथेच. बर्फ उडवून दूर फेकणाऱ्या यंत्राला अश्वशक्ती लागते. ढकलणाऱ्या पात्याला लागते ती पकड.

म्हणून पाते वाढविण्यापूर्वी पकड वाढविणे शहाणपणाचे ठरते. चाकांना साखळ्या चढवितात. ट्रॅक्टरच्या मागे वजन अडकवितात, किंवा मागील टायरांत द्रव भरतात; साधे पाणी गोठते, म्हणून कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण वापरण्याची रीत आहे. मागचे वजन आणखी एका कारणासाठी अवश्य असते. पाते उचलले, की त्याचा सारा भार पुढील आसावर येतो आणि मागची चाके हलकी होतात. उतारावर अशा हलक्या चाकांनी दगा दिला, तर ट्रॅक्टर घसरतो. चालकाच्या डोक्यावरची संरक्षक चौकट आणि कमरेचा पट्टा यांची तेथे आठवण ठेवावी लागते.

रुंद पात्याचा दुसरा दोष पिळाचा आहे. बर्फाखाली दगड, झाडाचा बुंधा, गटाराचे झाकण असे काहीही दडलेले असते. पात्याचे टोक त्यावर आदळले, की त्याचा धक्का ट्रॅक्टरच्या सांगाड्याला पिळतो. पाच फुटी पात्याचे टोक मध्यापासून अडीच फुटांवर असते, सहा फुटीचे तीन फुटांवर. तेव्हा तोच धक्का एक पंचमांश अधिक जोराने पिळतो. पाते थेट सांगाड्याला जोडलेले असेल तर हे बरेचसे सोसते. पण माती उचलण्याच्या लांब बाहूंना ते जोडले असेल, तर बाहू वाकण्याचे भय असते. चांगल्या पात्याला स्प्रिंगा असतात. अडथळा येताच त्या पात्याला पुढे झुकू देतात आणि आघात ओसरतो. खडीच्या वाटेवर पात्याखाली लोखंडी पादत्राणे बसवून ते जमिनीपासून थोडे उचलून ठेवतात. एरवी बर्फाबरोबर खडीही कडेला जाऊन पडते.

आता फेऱ्यांचा हिशोब पाहावा. दहा फूट रुंद वाटेला तिरपे पाच फुटी पाते तीन फेऱ्या घेते, सहा फुटी दोन. शंभर मीटर लांबीच्या वाटेवर ताशी पाच किलोमीटर वेगाने ही जादा फेरी सव्वा मिनिटाची. वळणे धरली तरी फार तर दोन-तीन मिनिटांची. उलट न पेलणाऱ्या पात्यामुळे ट्रॅक्टर एकदा रुतला, की तास-दोन तास फावडे चालवावे लागते. थोडे थोडे बर्फ पडत असतानाच दोनदा वाट काढणे, हे मोठ्या पात्याहून अधिक उपयोगी पडते. पहिल्याच वेळी बर्फ वाटेच्या कडेपासून बरेच दूर नेऊन टाकावे, असेही अनुभवी लोक सांगतात. कारण कडेचे ढीग गोठून दगडासारखे होतात आणि हिवाळा सरेपर्यंत वाट अरुंद होत जाते.

हिमालयातील बर्फाचे मान निराळे आहे. १९६० साली स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेला रोहतांग आणि झोजी खिंडींतील बर्फाच्या भिंती फोडण्यासाठी बुलडोझर आणि बर्फ कापणारी अवजड यंत्रे लागतात. तेथे लहान ट्रॅक्टरचे काही चालत नाही. परंतु काम लहान असो वा मोठे, तत्त्व एकच आहे. चाकांची रुंदी पात्याचे किमान माप सांगते आणि चाकांची पकड कमाल माप सांगते. या दोहोंच्या मध्ये जे बसते, ते पाते त्या ट्रॅक्टरचे. बैलजोडीचा आवाका पाहून औत जुंपणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे शिकवावे लागत नाही; ओल्या जमिनीत कुळव दाबून धरणाऱ्या हाताला ते आधीच ठाऊक असते.