हृदयशस्त्रक्रिया आणि देहाची शिदोरी

‘तब्येत सुधारली’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा ‘वजन वाढले’ एवढाच त्याचा अर्थ असतो. मी आयुष्यभर भाषा शिकविली, वैद्यक नव्हे. तरीही या स्मृतिपुस्तिकेसाठी हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णाचे पोषण कसे पारखतात हा विषय मी निवडला. कारण भाषेची ही सवय येथे जिवावर बेतू शकते.

शस्त्रक्रिया हा देहावर पडणारा मोठा खर्च होय. जखम भरणे, जंतूंशी झुंजणे, खोकून कफ बाहेर टाकणे, अंथरुणातून उठणे, या साऱ्यांसाठी देह आपल्या स्नायूंची शिदोरी मोडतो. क्लीव्हलंडचे शल्यविशारद हिराम स्टडली यांनी १९३६ साली जठरव्रणाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन एकपंचमांशाहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी सुमारे एकतृतीयांश दगावले. इतरांत हे प्रमाण शेकडा साडेतीन होते.

हृदयरोगात मात्र वजनकाटाच फसवा ठरतो. हृदय दुर्बळ झाले की अंगात पाणी साठते. तीन किलो मांस झडले आणि तीन किलो पाणी पायांत व पोटात उतरले, तर काटा जागचा हलत नाही. उलट, लघवी वाढविणारे औषध सुरू होताच वजन झरझर उतरते, ते मांस नव्हे. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांकही पुरेसा नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले: दोघांचा निर्देशांक २२.३, पण चरबी याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के, तर युडकिनांच्या ९.१ टक्के! रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनावरही एकेकाळी मोठी भिस्त असे. ते कमी असणे ही धोक्याची खूण खरीच. परंतु दाह, यकृताचे विकार किंवा अंगात साठलेले पाणी यांनीही ते घटते. म्हणून केवळ त्यावरून उपासमार ठरविता येत नाही.

मग पारख करावी कशी? टोरांटोचे डॉ. डेट्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली विशद केलेली पद्धत आजही वापरली जाते. तीत प्रश्न विचारतात: सहा महिन्यांत वजन किती घटले? जेवण किती कमी झाले? मळमळ, जुलाब दोन आठवड्यांहून अधिक टिकले का? हिंडण्याफिरण्याची शक्ती उरली आहे का? मग दंड, खांदे, मांड्या हाताने चाचपतात. घोट्यांवर सूज आहे का ते पाहतात. यावरून सुपोषित, मध्यम अथवा संशयित कुपोषित आणि तीव्र कुपोषित असे तीन वर्ग ठरतात. हाताच्या पकडीचे बळही अलीकडे मोजतात.

माझ्या थोरल्या बंधूंना आहारतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न केला, ‘अण्णा, सदरा सैल होतो का?’ उत्तर वहिनींनी दिले. रोग कळल्यापासून तूप बंद, मीठ अगदी कमी. जेवण बेचव झाले आणि दोन भाकऱ्यांची अर्धी उरली. काटा मात्र पूर्वीचेच वजन दाखवीत होता. पथ्याच्या नावाखाली घरातच उपासमार चालली होती. शस्त्रक्रिया तातडीची नसल्याने डॉक्टरांनी ती दहा दिवस पुढे ढकलून आधी आहार सुधारला. तीव्र कुपोषण असल्यास आणि हृदयाची अवस्था परवानगी देत असल्यास, सात ते चौदा दिवस असे पोषण द्यावे हीच आजची मान्य रीत आहे.

तात्पर्य, पथ्य पाळावे, पण पोट मारू नये. घरातील कोणावर अशी वेळ आली तर सहा महिन्यांपूर्वीचे वजन, रोजच्या जेवणाचे प्रमाण आणि सैल झालेले कपडे यांची टिपणे करून डॉक्टरांना आपणहून सांगावीत. आहारात बदल मात्र त्यांना विचारूनच करावा. रुग्ण संकोचाने ‘ठीक आहे’ एवढेच म्हणतो. त्याच्या ताटात काय उरते, हे घरच्यांनाच ठाऊक असते.