डोंगल अजून चालतंय

माझे एक डीटीपीवाले स्नेही आहेत. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, दोन-तीन दिवाळी अंक, अधूनमधून एखाद्या हौशी कवीचा संग्रह, असं काम त्यांनी तीस वर्षं केलं. त्यांच्या टेबलाखाली करड्या रंगाचा एक जुना संगणक आहे. त्याला इंटरनेट जोडलेलं नाही. तो हलवायचा नाही, असा दंडक आहे. केर काढणाऱ्या मावशींनाही त्याच्या मागे केरसुणी घालायला बंदी. कारण त्याच्या पाठीमागे, पूर्वी प्रिंटरची वायर जिथे लावायचे त्या खोबणीत, आगपेटीएवढा प्लॅस्टिकचा एक तुकडा बसवलेला आहे. तो डोंगल. तो नसला तर मराठीचं सॉफ्टवेअर उघडतच नाही.

‘‘हा गेला तर?’’ मी एकदा विचारलं.

‘‘त्याला काही होत नाही हो. डोंगल अजून चालतंय. मशीन गेलं तर पंचाईत. नव्या मशीनला ती खोबणच नसते.’’

मी यंत्रांचा शत्रू नाही, हे आधीच सांगून टाकतो. नवा फोन आला की त्याची माहिती वाचत मी रात्री जागतो, आणि घरातल्या बंद पडलेल्या वस्तू उघडून बघण्यावरून बोलणीही खातो. पण या छंदात इतकी वर्षं घालवल्यावर एक सवय जडली आहे. वस्तू काय काय करते, हे दुकानदार सांगतोच. मी शोधतो ते तिचं डोंगल. विकत घेतलेल्या वस्तूची किल्ली विकणाऱ्याने स्वतःकडे कुठे ठेवली आहे, ते.

या डोंगलमागे कुणी खलनायक नव्हता. नव्वदीच्या दशकात संगणकावर मराठी उमटवणं हे मोठं काम होतं, आणि बड्या परदेशी कंपन्यांना त्यात रस नव्हता. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली. तिच्या जिस्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या तंत्रज्ञानामुळे आणि काही देशी कंपन्यांच्या लिपी सॉफ्टवेअरमुळे आपली छपाई खिळ्यांतून बाहेर पडली. ग्राहक थोडे आणि एका फ्लॉपीवरून दहा प्रती काढून वाटायची आपली रीत, यात कंपनीने कुलूप लावलं तर तिला दोष देता येत नाही. गोची दुसरीकडे झाली. सॉफ्टवेअरच्या कुलपात आपण लिहिलेला मजकूरही अडकला.

कसा, ते समजून घेण्यासारखं आहे. त्या काळच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं असत, आणि ती मुळात इंग्रजीसाठी आखलेली. प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने त्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा त, काना, रफार, उकार, ‘क्ष’. एकीने जिथे ‘क’ ठेवला, तिथे दुसरीने मात्रा ठेवली. म्हणजे फाइलमध्ये साठायचं मराठी अक्षर नव्हतंच. साठायचा घराचा क्रमांक. फॉन्ट बदलला की ‘सप्रेम नमस्कार’च्या जागी इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं आणि स्वल्पविराम यांची खिचडी. त्यात आणखी एक गंमत: ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी दिसते ‘क’च्या आधी, म्हणून ती फाइलमध्येही आधी साठायची. ‘धर्म’मधला रफार ‘म’च्या डोक्यावर, म्हणून तो ‘म’च्या नंतर. म्हणजे उच्चाराचा क्रम बाजूला राहून चित्राचा क्रम साठत होता. अशा फाइलमध्ये एखादा शब्द शोधायचा म्हटलं तरी त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं.

युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या समाईक संकेतपद्धतीने हे मोडून काढलं. त्यात ‘क’ला ०९१५ हा एकच क्रमांक, मग फॉन्ट कुणाचाही असो, संगणक कुठलाही असो. देवनागरी युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण आपल्या छपाईच्या दुकानांत ते पोचायला फार वर्षं लागली, कारण ज्यावर पानं लावली जायची त्या पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. पुढे काही आलं नाही, आणि दुकानं त्यावरच चालत राहिली. त्यामुळे त्या काळातलं कितीतरी मराठी आज अशा फाइलींत पडून आहे, ज्या उघडतात पण वाचता येत नाहीत.

आता या डोंगलला एक गुण होता, तो म्हणजे ते दिसायचं. हातात घेता यायचं. आजचं कुलूप दिसत नाही.

जुलै २००९मध्ये अमेरिकेत किंडल हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र वापरणाऱ्या काही लोकांची विकत घेतलेली पुस्तकं यंत्रातून नाहीशी झाली. ज्याने ती अ‍ॅमेझॉनच्या दुकानात विक्रीला ठेवली होती, त्याच्याकडे हक्कच नव्हते, असं लक्षात आल्यावर कंपनीने पैसे परत केले आणि प्रती दूर बसून पुसल्या. पुस्तकं होती जॉर्ज ऑर्वेलची, त्यातलं एक ‘१९८४’. (पाळत ठेवणाऱ्या आणि जुने कागद नष्ट करणाऱ्या सत्तेवरची कादंबरीच निवडून पुसावी, इतका ढोबळ विनोद कुणी कथेत लिहिला तर संपादक कापेल.) कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली, आणि माफीची भाषा सौम्य नव्हती. मला मात्र माफीपेक्षा त्या घटनेने उघड केलेली गोष्ट महत्त्वाची वाटते. रद्दीच्या दुकानातून चोरीचं पुस्तक आपल्या घरी आलं, तरी दुकानदार रात्री येऊन आपल्या कपाटातून ते काढून नेत नाही. इथे नेता आलं, कारण कपाटाची किल्ली त्याच्याकडे होती. दहा वर्षांनी, २०१९मध्ये, मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांची सगळीच पुस्तकं बंद झाली. पैसे परत मिळाले. पुस्तकं नाहीत.

अशा खरेदीला कायद्याच्या भाषेत परवाना म्हणतात. ‘विकत घ्या’ असं लिहिलेलं बटण आपण दाबतो आणि प्रत्यक्षात भाडेकरू होतो, तेही मुदत न ठरलेले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून लागू झालेल्या कायद्याने एवढं तरी केलं, की कंपनी काढून घेऊ शकेल असा परवाना विकताना ‘खरेदी’ हा शब्द सर्रास वापरता येत नाही. हा परवाना आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं.

पुस्तकं तरी हवेतली. वस्तूचं काय? रिव्हॉल्व नावाची सुमारे ३०० डॉलरची एक डबी होती. घरातले दिवे, कुलपं, पंखे एका ठिकाणाहून चालवायची. २०१४मध्ये गूगलच्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि १५ मे २०१६ला तिचा सर्व्हर बंद केला. त्या दिवसापासून लोकांच्या घरातली ती धडधाकट डबी निव्वळ डबी झाली. तिच्यात बिघाड काहीच नव्हता. तिचा मेंदू तिच्यात ठेवलेलाच नव्हता, इतकंच.

इथे वाण्याचं साधं गणित आहे आणि ते समजलं की कट-कारस्थान शोधायची गरज उरत नाही. वस्तूचे पैसे एकदाच येतात. सर्व्हरचं बिल दर महिन्याला. विक्री वाढतेय तोवर नव्या ग्राहकाच्या पैशात जुन्याचा खर्च निघतो. वाढ थांबली की तीनच वाटा उरतात: महिन्याची वर्गणी लावायची, ग्राहकाची माहिती विकून खर्च काढायचा, किंवा सर्व्हर बंद करायचा. म्हणून ‘आयुष्यभर मोफत सेवा’ असं खोक्यावर लिहिलेलं दिसलं की मी विचारतो, आयुष्य कुणाचं?

संशयाचाही अतिरेक होतो, आणि आमच्यासारख्यांना तो लवकर होतो. आयफोनच्या बॅटरीचं प्रकरण घ्या. जुने फोन मुद्दाम हळू केले जातात, अशी कुजबुज वर्षानुवर्षं होती. डिसेंबर २०१७मध्ये अ‍ॅपलने कबूल केलं की होय, आम्ही काही फोनचा वेग कमी करतो. ‘बघा, म्हणालो नव्हतो!’ असं आम्ही सगळे ओरडलो. पण कारण तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की एकदम जोर देऊ शकत नाही. प्रोसेसरने जास्त वीज मागितली की दाब कोसळतो आणि फोन तीस-चाळीस टक्के चार्जिंग असतानाही पटकन बंद पडतो. मागणी कमी केली तर फोन रखडतो, पण चालू राहतो. अपराध वेग कमी करण्यात नव्हता. न सांगण्यात होता. कारण सांगितलं असतं तर माणसाने काही हजारांची बॅटरी बदलली असती. न सांगितल्यामुळे त्याला वाटलं फोनच जुना झाला, आणि तो नवा घ्यायला गेला. फ्रान्समध्ये २०२०ला अडीच कोटी युरोचा दंड झाला, तो नेमका ग्राहकाला न कळवल्याबद्दल. कबुलीनंतर अ‍ॅपलने बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९वर आणला आणि बॅटरीची तब्येत दाखवणारा पडदा फोनमध्ये दिला. तो आधीच देता आला असता.

प्रिंटर हा मात्र असा विषय आहे, की त्यावर मला समतोल राहता येत नाही. घरच्या प्रिंटरने एकदा, मुलाचा प्रकल्प आदल्या रात्री छापायचा असताना, काळी शाई भरलेली असूनही छापायला नकार दिला. पिवळी संपली होती म्हणे. कंपनीचं नाव घेत नाही, ती एकटी तशी नाही. धंद्याची रीतच अशी की यंत्र स्वस्तात द्यायचं आणि शाईवर वसूल करायचं. त्यासाठी कार्ट्रिजवर एक चिप असते, जी यंत्राला ‘मी घरचीच’ असं सांगते. सप्टेंबर २०१६मध्ये एचपीच्या काही प्रिंटरनी जगभर एकाच सुमारास बाहेरची कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली. आदल्या दिवशीपर्यंत चालणारी. सॉफ्टवेअरमध्ये तारीख आधीच पेरलेली होती. ओरड झाल्यावर कंपनीने ती अडवणूक काढणारं सॉफ्टवेअर दिलं, पण असा पहारा तिच्या नव्या प्रिंटरांत पुढेही राहिला.

गंमत अशी, की या अडवणुकीला सर्वांत चांगलं उत्तर न्यायालयाने दिलं नाही, गल्लीने दिलं. इंजेक्शनच्या सुईने कार्ट्रिज भरून देणारे कारागीर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत होते. काहींनी तर प्रिंटरच्या कुशीला बाटल्या आणि नळ्या लावून टाकीच बसवली. आशियात सगळीकडे हेच चाललं होतं. शेवटी एप्सनने २०१०मध्ये इंडोनेशियात स्वतःच टाकीचा प्रिंटर आणला: यंत्र महाग, शाई स्वस्त. तो भारतातही इतका चालला की इतर कंपन्यांना मागोमाग यावं लागलं. ग्राहक ऐकत नाही म्हटल्यावर कंपनी ऐकते.

आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळही, योगायोग पाहा, एका प्रिंटरच्या रागातूनच फुलली. एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेसर प्रिंटर सारखा कागद अडकवायचा. तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांना त्याचा प्रोग्रॅम सुधारायचा होता, पण तो बघायलाच मिळेना. गुप्ततेच्या करारावर सही केली आहे, असं सांगून ज्याच्याकडे होता त्याने दिला नाही. १९८३मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू हा प्रकल्प जाहीर केला: कुणालाही बघता, बदलता येईल अशा सॉफ्टवेअरचा. हा लेख मी लिब्रे ऑफिस या अशाच मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने खुल्या परवान्यावर दिलेल्या मुक्त फॉन्टमध्ये लिहितोय. त्याचं श्रेय फार घेत नाही. खिशातला फोन कंपनीचाच आहे आणि बँकेचं अ‍ॅप त्याच्यावरच चालतं.

सरकारं आता हलू लागली आहेत. युरोपात जून २०२५पासून विक्रीला येणाऱ्या नव्या फोनना काही वर्षं सुटे भाग आणि अपडेट देणं बंधनकारक झालं आहे. २०२७पासून बॅटरी घरच्या घरी बदलता आली पाहिजे, असा नियम आहे, अर्थात काही सवलतींसह. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू झालं. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राने ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा ऑनलाइन युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. वर्गणी सुरू करायला एक बटण आणि थांबवायला चक्रव्यूह, हीसुद्धा त्या यादीत आहे. माहिती देणारं संकेतस्थळ आणि सुटा भाग मिळण्याची सक्ती यांत अंतर आहे, आणि ते अजून कापायचं आहे. तोवर दुकानात तीन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत: बॅटरी कोण बदलून देईल आणि कितीला? इंटरनेट नसताना ही वस्तू काय काय करेल? माझा मजकूर, माझे फोटो दुसरीकडे न्यायचे झाले तर कुठल्या स्वरूपात मिळतील? तिसऱ्या प्रश्नावर विक्रेते हमखास मॅनेजरला बोलावतात.

स्नेह्यांच्या दुकानात गेल्या पावसाळ्यापासून एक काम सुरू आहे. जुन्या अंकांच्या फाइली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायच्या. कन्व्हर्टर वेलांट्या आणि रफार जागेवर नेतो, पण जोडाक्षरांत अजून घसरतो, म्हणून एकजण छापील अंक हातात धरून वाचतो आणि दुसरा दुरुस्त करतो. एका अंकाला तीन-चार दिवस लागतात. तुमच्या संस्थेच्या, मंडळाच्या किंवा घरातल्या कुणाच्या लिखाणाच्या अशा फाइली कुठल्या सीडीवर पडून असतील, तर त्या यंदाच बाहेर काढा. एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याला गाठा, त्याच्याकडे ते मशीन आहे का विचारा, आणि डोंगल चालतंय तोवर काम करून घ्या.