समजून घ्या : घरी बनवलेला फोनो प्रीॲम्प घूं-घूं का करतो? नेमका दोष कुठे आणि तो घालवायचा कसा?

गडहिंग्लज : माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर खाली आला, नवी सुई बसली, इंटरनेटवरचे सर्किट पाहून फोनो प्रीॲम्पही तयार झाला. पण सुई टेकवायच्या आधीच स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ सुरू. मग आयसी बदल, महागडी केबल आण, असा खर्च वाढत जातो आणि आवाज तिथेच राहतो. शेवटी प्लेअर पुन्हा माळ्यावर, नाहीतर तबकड्या भंगारात. जुनी नाट्यपदे, भजने, पोवाडे यांतले सगळेच काही ऑनलाइन मिळत नाही. त्यामुळे हे नुकसान फक्त हौसेचे नसते.

चांगली गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा दोष महागड्या पार्टमध्ये नसून वायर कुठून कशी नेली यात असतो. आधी आवाज ओळखायचा, मग हात घालायचा, एवढा क्रम पाळला तरी अर्धे काम होते.

फोनो प्रीॲम्प लागतोच कशाला?

तबकडीच्या खाचेतून फिरणाऱ्या सुईमागे कार्ट्रिज असते. त्यातला छोटा चुंबक वायरच्या गुंडाळीजवळ हलतो आणि सिग्नल तयार होतो. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट मिळतात. ॲम्प्लिफायरच्या ऑक्स इनपुटला काही शे मिलिव्होल्ट हवे असतात. म्हणजे सिग्नल साधारण १०० पट वाढवावा लागतो.

दुसरे काम आरआयएए दुरुस्तीचे. तबकडी कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले आणि तार सूर वाढवलेले असतात. तसे केले नाही तर खर्जासाठी खाच फार रुंद होईल आणि एका बाजूवर कमी गाणी मावतील. हे प्रमाण १९५४ मध्ये ठरले. प्रीॲम्प ते उलटे करतो, म्हणजे खर्ज वाढवतो आणि तार सूर कमी करतो.

कोल्हापूरकरांना यातली एक गंमत माहीत असायला हवी. शाहू महाराजांच्या दरबारी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेली, तीही तबकडीवर. नासाने सोबत कार्ट्रिज आणि सुई ठेवली आहे. ॲम्प्लिफायर मात्र तबकडी ज्याला सापडेल त्याने बनवायचा!

घूं-घूं इतकी मोठी का ऐकू येते?

आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. आरआयएए दुरुस्तीमुळे ५० हर्ट्झचा सूर मधल्या सुरांपेक्षा आणखी सुमारे ७ पट वाढतो. १०० गुणिले ७ म्हणजे सुमारे ७०० पट. इनपुटवर घरच्या विजेचा एक मायक्रोव्होल्ट शिरला, तरी बाहेर ०.७ मिलिव्होल्ट निघतो.

२३० व्होल्ट हे एका मायक्रोव्होल्टच्या २३ कोटी पट आहेत. एवढ्या मोठ्या शेजाऱ्याला या छोट्या सिग्नलपासून लांब ठेवायचे, हीच खरी लढाई आहे.

आवाजावरून दोष कसा ओळखायचा?

• संथ, सलग ‘घूंऽऽ’ (५० हर्ट्झ) : ट्रान्सफॉर्मर किंवा मोटरचे चुंबकीय क्षेत्र, ग्राउंड लूप किंवा टर्नटेबलची ग्राउंड वायर न जोडणे.

• जाडसर ‘घर्रर्र’ (१०० हर्ट्झ आणि पुढे) : पॉवर सप्लाय. ब्रिज रेक्टिफायरमधून गेल्यावर ५० चे १०० होतात.

• ‘सूंऽऽ’ किंवा ‘फस्सऽऽ’ : रेझिस्टर आणि आयसीचा स्वतःचा नॉइज.

• ‘टर्र-टर्र-टर्र’ : शेजारी ठेवलेला मोबाईल. २जी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा ठोके देत प्रक्षेपण करतो, तेच ऐकू येतात.

• मधूनच ‘टक्’ : फ्रिज, पंखा किंवा पाण्याची मोटर चालू-बंद होणे.

दोष नेमका कुठे, हे कसे शोधायचे?

खर्चाआधी चार चाचण्या करा. प्रत्येक वेळी प्लग काढताना-लावताना आवाज पूर्ण कमी ठेवा.

१. प्रीॲम्पच्या इनपुटला शॉर्ट केलेला आरसीए प्लग लावा (मधली पिन आणि बाहेरची कडी एकमेकांना जोडलेली). घूं-घूं थांबली तर दोष टर्नटेबलकडे किंवा केबलमध्ये. तशीच राहिली तर दोष डब्याच्या आत, सप्लायमध्ये किंवा पुढच्या ॲम्प्लिफायरशी झालेल्या जोडणीत.

२. प्रीॲम्प ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालवून पाहा. आवाज गेला तर दोष पॉवर सप्लाय किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे.

३. सुई तबकडीला न टेकवता हात हळूहळू मध्याकडे न्या. घूं-घूं कमी-जास्त झाली तर मोटर किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजला त्रास देतो आहे.

४. खोलीतले एलईडी दिवे, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मोबाईल चार्जर एकेक करून बंद करा. लाईट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर सुरू होतो, तेव्हा घरघर जास्त बोचरी होते. सर्किट तपासायचे असेल तर ते महावितरणची लाईट असताना तपासा.

ग्राउंड लूप म्हणजे काय?

दोन उपकरणांचे ग्राउंड दोन वेगवेगळ्या वाटांनी जोडले गेले की वायरची एक मोठी कडी तयार होते. आसपासचे चुंबकीय क्षेत्र या कडीत प्रवाह निर्माण करते आणि तो थेट सिग्नलच्या वाटेत मिसळतो.

उपाय साधे आहेत. टर्नटेबल, प्रीॲम्प आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. टर्नटेबलची वेगळी बारीक ग्राउंड वायर प्रीॲम्पच्या ग्राउंड स्क्रूला जोडा. डब्यात आरसीए सॉकेट पत्र्यापासून वेगळे, म्हणजे इन्सुलेटेड ठेवा. सगळ्या ग्राउंड वायर एका बिंदूवर आणा आणि पत्र्याला ग्राउंड एकाच जागी, इनपुटजवळ द्या.

अर्थिंगची पिन काढली की आवाज जातो, मग काढायची का?

अजिबात नाही. असा सल्ला सर्रास मिळतो, कारण अर्थ तोडली की लूप तुटतो आणि घूं-घूं खरोखर थांबते. पण ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन गेले तर २३० व्होल्ट धातूच्या डब्यावर येतात. तेव्हा फ्यूज उडवणारी किंवा एमसीबी पाडणारी वाट ती अर्थच असते. ती नसेल तर पुढचा माणूस डब्याला हात लावतो आणि शॉक त्याला बसतो. लूप सिग्नलच्या बाजूने तोडायचा, अर्थच्या बाजूने कधीच नाही.

जुन्या घरांत दोन पिनांचे सॉकेट असतात, किंवा तिसरे भोक असते पण मागे वायरच नसते. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होते. त्यात अधूनमधून पाणी घालावे लागते.

पॉवर सप्लाय कसा असावा?

ट्रान्सफॉर्मर प्रीॲम्पच्या डब्यात ठेवूच नका. वेगळ्या डब्यात, अर्धा मीटर लांब ठेवा. अंतर वाढले की चुंबकीय क्षेत्र झपाट्याने घटते. हा फुकटचा आणि सर्वांत परिणामकारक उपाय. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरचे बाहेर सांडणारे क्षेत्र कमी असते. ॲल्युमिनियमचा डबा विद्युत क्षेत्र अडवतो, पण ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र फारसे अडवत नाही. तिथे लोखंडी पत्रा थोडा कामी येतो.

रेक्टिफायर आणि पहिला मोठा कॅपॅसिटर यांच्यातून प्रवाह सलग वाहत नाही, सेकंदाला १०० झटक्यांत वाहतो. म्हणून या दोघांमधली वायर आखूड ठेवा आणि सिग्नलचे ग्राउंड त्या वायरवरून घेऊ नका. ते रेग्युलेटरच्या पुढून घ्या. ७८१२ आणि ७९१२ ही स्वस्त जोडी पुरेशी आहे. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर लावा.

२३० व्होल्टचे वायरिंग करण्याची सवय नसेल तर तयार, बंद डब्यातला १२ व्होल्ट एसी ॲडॉप्टर वापरा. मोबाईल चार्जरसारखे स्वस्त एसएमपीएस टाळा. त्यांची उच्च फ्रिक्वेन्सीची कचकच आणि गळती प्रवाह नवा त्रास देतात.

‘सूंऽऽ’ कमी करायला कोणती आयसी घ्यावी?

पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एनई५५३२ आणि टीएल०७२ या दोन्ही आयसी सहज मिळतात. व्होल्टेज नॉइज पाहिला तर एनई५५३२ चा सुमारे ५ एकक (नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ), टीएल०७२ चा १८. या कामाला पहिली योग्य.

मग आणखी महागडी, ‘अल्ट्रा लो नॉइज’ आयसी का नाही? कार्ट्रिजची गुंडाळी साधारण ०.५ हेन्रीची असते. १० हजार हर्ट्झला तिचा अडथळा सुमारे ३१ हजार ओहम होतो. एवढ्या अडथळ्यावर आयसीचा करंट नॉइज महत्त्वाचा ठरतो आणि अनेक महागड्या आयसींमध्ये तोच जास्त असतो. पैसे जातात, फायदा दिसत नाही.

रेझिस्टरही स्वतःचा नॉइज करतात. १ हजार ओहमचा सुमारे ४ एकक, १ लाख ओहमचा सुमारे ४०. म्हणून फीडबॅकमधला ग्राउंडला जाणारा रेझिस्टर काही शे ओहमचाच ठेवा आणि कार्बनऐवजी मेटल फिल्म वापरा. इनपुटचा ४७ हजार ओहमचा रेझिस्टर मात्र बदलू नका. बहुतेक मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज त्याच लोडसाठी बनलेले असतात.

मोबाईल आणि रेडिओचा उपद्रव कसा थांबवायचा?

फोन निदान दोन मीटर लांब ठेवा. डबा धातूचाच हवा. इनपुटच्या वायरवर फेराइट बीड ओवा. काही जण इनपुटला मोठा कॅपॅसिटर लावून रेडिओ घालवतात, पण त्याने कार्ट्रिजचे तार सूर बिघडतात. केबल धरून एकूण कपॅसिटन्स कार्ट्रिज कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत, बहुधा १०० ते २५० पिकोफॅरडच्या आसपास असावा. केबल आखूड आणि शील्डेड ठेवली की दोन्ही साधते.

काम झाले, हे कधी समजायचे?

नेहमी ऐकता तेवढा आवाज ठेवा, सुई उचललेली असू द्या. ऐकायच्या जागेवर घूं-घूं नाही आणि ‘सूं’ फक्त स्पीकरला कान लावल्यावर येते, म्हणजे झाले. आता सुई दोन गाण्यांमधल्या रिकाम्या खाचेत टेकवा. तिथे तबकडीची स्वतःची खरखर प्रीॲम्पच्या नॉइजपेक्षा मोठी ऐकू येईल. त्यापुढे सर्किटवर खर्च करून काही हाती लागत नाही. उरलेले पैसे चांगल्या सुईवर आणि तबकड्या स्वच्छ करण्यावर घालवा.