न वापरलेलं नाव रजिस्टरमधून कोण काढतं?

जळगावची डाळ असो, चटई असो की दोंडाईच्याची मिरची, पोत्यावर आपलं नाव छापून माल विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला कधीतरी वकिलाची नोटीस येते: हा ट्रेडमार्क आमच्या नावे नोंदलेला आहे, वापर थांबवा. नोटीस देणाऱ्याचा माल मात्र बाजारात कुणी पाहिलेला नसतो. मग ऐकीव सल्ले सुरू होतात.

‘पाच वर्षं वापर नाही, म्हणजे नोंदणी आपोआप गेली.’ तसं होत नाही. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 47 नुसार कुणीतरी बाधित व्यक्तीने अर्ज करावा लागतो. पाच वर्षं मोजायची ती नाव रजिस्टरमध्ये प्रत्यक्ष चढल्याच्या तारखेपासून, आणि अर्जाआधीचे तीन महिने हिशेबात धरत नाहीत. नोंद 10 मार्च 2019 ची असेल, तर अर्ज 10 जून 2024 च्या आधी करून उपयोग नाही. तीन महिन्यांची ही अट मला फार मोलाची वाटते. वादाची चाहूल लागताच घाईने चार खोकी बाजारात आणून नोंदणी वाचवायची सोय तिने बंद केली आहे. मात्र सरकारी निर्बंधांसारख्या खास कारणाने वापर थांबला असेल, तर मालकाला संरक्षण मिळतं.

‘दावा जळगावच्या कोर्टात आहे, तेच नाव खोडेल.’ सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. उल्लंघनाचा दावा जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात चालू शकतो. रजिस्टरमधली नोंद रद्द करण्याचा अधिकार मात्र त्या न्यायालयाला नाही. दावा नसेल तर अर्ज रजिस्ट्रारकडे किंवा उच्च न्यायालयात करता येतो. दाव्यात नोंदणीच्या वैधतेला आव्हान दिलं, की कलम 125 प्रमाणे फक्त उच्च न्यायालयात. जिल्हा न्यायालयाला आक्षेपात प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर ते अर्जासाठी तीन महिने देतं. मुदत किंवा मिळालेली वाढ हुकली, तर तो मुद्दा सोडून दिला असं धरलं जातं. राजकोटच्या ‘फील्डमार्शल’ नावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलं, की असा सोडलेला मुद्दा नंतर वेगळा अर्ज करून उकरता येत नाही.

2021 पर्यंत उच्च न्यायालयाच्या जागी चेन्नईत मुख्यालय असलेलं अपील मंडळ होतं. ते बरखास्त झालं हे खानदेशासाठी चांगलंच झालं. कोणतं उच्च न्यायालय, यावर न्यायालयांत मतभेद आहेत: नोंदणी कार्यालय जिथे आहे तिथलं, की नोंदणीचा फटका जिथे बसतो तिथलं? मुंबई कार्यालयातल्या नोंदीचा फटका खानदेशात बसत असेल, तर दोन्ही कसोट्यांवर मुंबई उच्च न्यायालयच येतं.

‘नूतनीकरण केलंय, आता धक्का नाही.’ दर दहा वर्षांनी शुल्क भरणं म्हणजे वापर नव्हे.

‘तंबाखू म्हणून नोंदलं, की तंबाखूचा सगळा माल आपला.’ ‘चारमिनार’ हे नाव सिगारेटसाठी गाजलेलं, पण नोंदणी सगळ्या तयार तंबाखूची होती. जर्दा-किमाम विकणाऱ्याने आव्हान दिलं आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नोंदणी सिगारेटपुरती मर्यादित ठेवणं योग्य ठरवलं.

नोटीस आली म्हणून लगेच छापील पोती गुंडाळू नका. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्या नोंदणीची तारीख मोफत पाहा, आपली जुनी बिलं एकत्र करा आणि वकिलाला पहिल्याच भेटीत कलम 47 बद्दल विचारा.