घाटातल्या गाडीचे नाव

उसाचं बिल खात्यावर पडलं की घरातल्या पोराची पहिली मागणी मोटारसायकलची. हल्ली त्याच्याही पुढची मागणी कानावर येते, "दादा, गाडीची एजन्सीच घेऊ." जमीन तारण ठेवून शोरूम काढणे हा काही पोरखेळ नव्हे, म्हणून यावेळी ऊस सोडून या धंद्याविषयी लिहीत आहोत.

एक काळ असा होता की विक्रेत्याला नाव कमवायची गरजच नव्हती. १९७२ साली बजाजची चेतक निघाली. आकुर्डीच्या या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत. त्याच साली कायनेटिकची लूना आली. गाडी मिळाली हेच नशीब. विकली कोणी, हे कोण विचारतो? आता चार कंपन्यांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, किमतीत फारसा फरक नाही, पाटीचा रंगसुद्धा कंपनी ठरवते. मग विक्रेत्याचं स्वतःचं उरतं काय? आमच्या मते, मुलूख.

वारणा हे नदीचं नाव. सहकाराने ते दुधाच्या पिशवीवर घातलं आणि मुंबईच्या गिऱ्हाइकालाही ते ओळखीचं झालं. मग घाटाखाली महाड-पोलादपूरच्या विक्रेत्याने वरंधचं नाव का लावू नये? पण नुसतं नाव रंगवून भागत नाही. दूध नासकं निघालं असतं तर वारणेला कोणी विचारलं नसतं.

वरंध घाट म्हणजे भोर आणि महाड यांना जोडणारी वाट. वाघजाईपाशी चहा-भजी खाऊन गाडी खाली सोडली की ब्रेकची परीक्षा सुरू. गिअर मोकळा टाकून पेट्रोल वाचवणारे शहाणे आपल्यातही आहेत. त्यांचे ब्रेक-शू तापतात आणि ऐन वळणावर पकड सुटते. तेव्हा गाडी विकतानाच दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला शिकवावं. आषाढाआधी ब्रेक, क्लचची तार आणि चेन तपासून द्यावी, तीही ठरल्या दरात. पावसाळ्यात दरडीमुळे हा घाट पुष्कळदा बंद ठेवतात. अशा वेळी सुटा भाग पुण्याहून येईल म्हणून गिऱ्हाइकाला बसवून ठेवलं, तर त्या विक्रेत्याची कीर्ती बिरवाडीच्या बाजारात आठवड्यात पसरते. कपाटात चार ब्रेक-शू जादा असलेले बरे.

खरी कसोटी पुराची. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं, त्याच पावसात तळीये गावावर दरड कोसळली. तिथे माणसं गेली, त्यापुढे गाडीची गोष्ट ती काय. पण पाणी ओसरल्यावर दवाखाना, रेशन, पंचनामा यांसाठी गाडी लागतेच. बुडालेल्या गाडीला किक मारायची नाही, स्टार्टरही दाबायचा नाही. बॅटरीची तार सोडावी, प्लग काढून आतलं पाणी बाहेर घालवावं, इंजिनचं ऑईल बदलावं, एअर फिल्टर आणि ब्रेकचे ड्रम साफ करावेत. हे एवढं गावात येऊन करणारा मिस्त्री ज्याच्याकडे आहे, त्याला जाहिरातीवर फार खर्च करावा लागत नाही.

एजन्सी मागणाऱ्या मुलाला म्हणून एवढंच विचारा, "मिस्त्री कोण ठेवणार, अन् त्याला पगार काय देणार?" काचेचा हिशेब तो आधीच करून आलेला असतो.