न्यूझीलंडमधील परिषदांचा कलानिधी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

न्यूझीलंडमध्ये स्थानिक लोकांच्या कलाउपक्रमांना अनुदान देणारी ‘क्रिएटिव्ह कम्युनिटीज स्कीम’ ही योजना नगर व जिल्हा परिषदांच्या कार्यालयांतून राबवली जाते, आणि त्यामुळे हा पैसा परिषदेच्या स्वतःच्या तिजोरीतला असून नगरसेवकांच्या ओळखीने तो पदरात पडतो, असा समज सहज रूढ होतो. वस्तुतः हा निधी ‘क्रिएटिव्ह न्यूझीलंड’ या राष्ट्रीय कला परिषदेकडून येतो. या संस्थेला शासनाकडून आणि लॉटरीच्या उत्पन्नातून पैसा मिळतो व त्यातील काही वाटा ती देशातील नगर व जिल्हा परिषदांकडे वाटपासाठी सोपवते. अर्जांची छाननी त्या त्या ठिकाणची मूल्यांकन समिती करते. तिच्यात परिषदेच्या प्रतिनिधींबरोबर स्थानिक कलाजीवनाची जाण असलेले नागरिकही असतात आणि एखाद्या सदस्याचे अर्जदाराशी हितसंबंध असतील, तर ते उघड करून त्या निर्णयापासून दूर राहणे त्याच्यावर बंधनकारक मानले जाते. ओळखी शोधण्यात जाणारा वेळ अर्जाच्या मजकुरावर खर्च होणे म्हणूनच अधिक हिताचे, कारण समितीपुढे अखेर तो मजकूरच असतो.

नोंदणीकृत संस्थेलाच अर्ज करता येतो, हेही खरे नाही. गटाप्रमाणेच एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो, फक्त ती व्यक्ती न्यूझीलंडची नागरिक किंवा कायम रहिवासी असावी लागते आणि उपक्रम ज्या परिषदेकडे अर्ज केला तिच्याच हद्दीत व्हावा लागतो.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज मात्र कलेच्या दर्जाविषयीचा आहे. नामवंत कलावंत, मोठे नाट्यगृह आणि झळाळता प्रयोग असल्याशिवाय अनुदान मिळत नाही, या समजापोटी अनेक चांगले उपक्रम कागदावरही उतरत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. कारण योजनेचे निकष तीनच आहेत आणि त्यांपैकी किमान एक पूर्ण झाला तरी पुरते. पहिला निकष स्थानिक लोकांना कलेत सहभागी होण्याची संधी मिळण्याचा, दुसरा तिथल्या विविध समाजांच्या कलापरंपरांना आधार मिळण्याचा आणि तिसरा अठरा वर्षांखालील मुलामुलींना कलेत सामील करून घेण्याचा. ऑकलंडमधल्या एखाद्या मराठी मंडळाने केवळ सभासदांसाठी नाटकाचा प्रयोग ठेवला, तर त्याला समितीपुढे आपली बाजू मांडणे जड जाईल. त्याच मंडळाने उपनगरातल्या सभागृहात सहा रविवार लेझीमची कार्यशाळा घेतली, शेजारच्या माओरी, सामोअन आणि चिनी कुटुंबांतील मुलांना तिथे बोलावले आणि शेवटी खुले सादरीकरण केले, तर तिन्ही निकषांचा उल्लेख अर्जात प्रामाणिकपणे करता येतो. कलावंताचे नाव किती मोठे, यापेक्षा कलेत हात घालणारे लोक किती आणि कोण, हा प्रश्न या निधीच्या मुळाशी आहे, आणि तो तसा असणे सर्वथा योग्य आहे.

खर्चाविषयीही गैरसमज आहेत. हे अनुदान म्हणजे संस्थेच्या चालू खर्चाला हातभार, अशा समजुतीने कार्यालयाचे भाडे, ढोल-ताशांची खरेदी, नऊवारी साड्या आणि दिवाळीचा फराळ एकाच यादीत मांडला जातो. प्रत्यक्षात वाद्ये, वेशभूषा, कॅमेरे, संगणक अशा वस्तूंची खरेदी, खाणेपिणे, स्पर्धेतील बक्षिसांची रक्कम, परीक्षकांचे मानधन, जुने कर्ज आणि निधी गोळा करण्यासाठी योजलेले कार्यक्रम हे सारे योजनेच्या बाहेर आहे. योजनेत बसतात ते सभागृहाचे आणि साहित्याचे भाडे, कार्यशाळेत वापरून संपणारी सामग्री, प्रशिक्षकाचे मानधन, प्रसिद्धी आणि त्या विशिष्ट उपक्रमापुरता व्यवस्थापनाचा खर्च. म्हणजे ढोल विकत घेण्यासाठी पैसे मिळत नाहीत, भाड्याने आणण्यासाठी मिळू शकतात; एकांकिका स्पर्धेच्या ढालींसाठी मिळत नाहीत, त्या स्पर्धेआधीच्या खुल्या अभिनय-शिबिरासाठी मागता येतात.

कार्यक्रम आधी उरकून घ्यावा आणि पावत्या जोडून पैसे मागावेत, ही सवय इथे सरळ नुकसानीची ठरते, कारण अनुदानाचा निर्णय होण्यापूर्वी सुरू झालेला किंवा पार पडलेला उपक्रम विचारातच घेतला जात नाही. अर्ज वर्षातील ठरावीक फेऱ्यांतच स्वीकारले जातात, फेऱ्यांच्या तारखा परिषदेगणिक वेगळ्या असतात आणि मंजुरीनंतर बारा महिन्यांच्या आत उपक्रम पूर्ण करावा लागतो. गणेशोत्सवातला कार्यक्रम योजणाऱ्यांनी त्यामुळे मुदतीची तारीख शोधून अर्ज काही महिने आधी दिला पाहिजे.

कापाकापी होणारच, तेव्हा रक्कम फुगवून मागावी, हा सल्ला आपापसांत आवर्जून दिला जातो. मागणीवर ठरावीक कमाल मर्यादा नसली, तरी निधी मर्यादित असतो आणि मंजूर होणाऱ्या रकमा बहुधा लहान असतात. फुगवलेला आकडा अंदाजपत्रकातच उघडा पडतो, कारण खर्चाबरोबर उत्पन्नही तिथे दाखवायचे असते आणि भाड्यासारख्या बाबींना दरपत्रक जोडायचे असते. नमुन्यादाखल लेझीम-कार्यशाळेचे गणित असे मांडता येईल : सभागृहाचे भाडे ६०० डॉलर, प्रशिक्षकाचे मानधन ८०० डॉलर, सामग्री १५० डॉलर आणि प्रसिद्धी १०० डॉलर, असा एकूण खर्च १६५० डॉलर, सहभागींकडून येणारी वर्गणी ४०० डॉलर, म्हणून मागणी १२५० डॉलरची. वर्गणी लपवली, तर मागणी वाढते, पण विश्वास कमी होतो. वस्तू व सेवा कराबाबतही घोटाळा होतो : ज्या संस्थेची या करासाठी नोंदणी आहे, तिने आकडे कर वगळून द्यायचे असतात आणि जिची नोंदणी नाही, तिने करासह.

मंजुरीचे पत्र आले की व्यवहार संपला, असेही समजले जाते. प्रत्यक्षात उपक्रम पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांच्या आत समाप्ती-अहवाल द्यावा लागतो. त्यात प्रत्यक्ष काय घडले, किती लोक सहभागी झाले आणि पैसा कुठे गेला, हे सांगायचे असते. पहिल्या दिवसापासून हजेरीची वही आणि पावत्या सांभाळून ठेवणाऱ्या गटाला तो एका संध्याकाळी लिहिता येतो, आणि तो दाखल झाल्याखेरीज त्या गटाला नव्या उपक्रमासाठी अनुदान मिळत नाही.