टँकरचे पाणी आणि मंत्रचळ

बारामती म्हटले की कालवा आणि ऊस डोळ्यांसमोर येतो. पण लोणी भापकर तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात आहे. तिथे टंचाईच्या दिवसांत पाणी मोजून वापरावे लागते. अशा घरातली सून समजा दिवसातून चाळीस वेळा हात धुऊ लागली, घासलेली भांडी पुन्हा घासू लागली, तर पहिले भांडण पाण्यावरून होते. ‘हिचे सोवळे फारच’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. हा आजार आहे, हे कळायला कधी कधी वर्षे जातात.

त्याला मराठीत जुना शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर ‘ओसीडी’ म्हणतात. शंभरातल्या एक-दोघांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो. हाताला फवारणीचे औषध लागले असेल, लेकराच्या पोटात जाईल, असा विचार मनात घुसतो. तो अतिरेकी आहे हे बहुतेकांना कळते, तरी जीव घाबरा होतो. हात धुतले की बरे वाटते, पण घटकाभरच. ‘धुतले म्हणून वाचलो’ हे मात्र मेंदू पक्के शिकतो. टापटिपीच्या आवडीत समाधान असते, इथे ते नसते. दिवसाचा तासभर यात जात असेल, तर डॉक्टरांना दाखवावेच.

घरच्यांचे काय चुकते? ओरडणे तर चुकतेच, पण समजूत घालणेही. ‘अहो, हात स्वच्छ आहेत ना माझे?’ याला दहाव्यांदा दिलेले ‘हो’ पुन्हा हात धुण्यासारखेच काम करते.

लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये वेगळी वाट दाखवली. ज्या वस्तूची धास्ती, तिला रुग्णाने हात लावायचा आणि धुवायचे नाही. भीती चढते, काही वेळाने आपोआप उतरते. आज हे पायरीपायरीने, रुग्णाच्या संमतीने केले जाते. घरच्यांनी नळ बंद करून टाकणे म्हणजे उपचार नव्हे. सोबत गोळ्याही असतात. त्यांचा गुण यायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून त्या सोडणारे बरेच असतात.

सुरुवात फोनवरूनही करता येते. ‘टेलिमानस’चा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. आणि तो प्रश्न पुन्हा आला तर काय म्हणायचे, हे दोघांनी शांत वेळी ठरवून ठेवावे: ‘तुला भीती वाटतेय, कळतंय मला. उत्तर नाही देत, पण इथेच बसतो तुझ्याजवळ.’